'द डिपार्टेड'च्या मागचं हाँगकाँग

२००७ च्या फेब्रुवारीत ऑस्करमधे 'द डिपार्टेड'ला रूपांतरित पटकथेचं बक्षीस जाहीर झालं, लेखक विल्यम मोनाहन स्टेजकडे निघाला आणि निवेदकाने सांगून टाकलं की सिनेमा 'इन्फर्नल अफेअर्स' या जपानी सिनेमावर आधारित आहे. अहो जपानी कुठला, हाँगकाँगचा, कँटोनीज भाषेतला! त्या रात्री चार ऑस्कर मिळाले, सर्वोत्कृष्ट सिनेमाचंपण, मार्टिन स्कॉर्सेसीला इतक्या वर्षांनी दिग्दर्शनाचं मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे, पण ज्यांच्या कथेवर हे सगळं उभं राहिलं त्यांचं गावसुद्धा धड सांगितलं गेलं नाही हे आजही खटकतं. म्हणून जरा मागचं लिहितो. (शेवटासकट सगळं सांगणार आहे, बघायचा राहिला असेल तर आधी बघून घ्या.)

कथा थोडक्यात अशी की टोळीने पोलिसात पेरलेला एक माणूस आणि पोलिसांनी टोळीत पेरलेला एक माणूस, दोघं वर्षानुवर्षं खोटं आयुष्य जगतायत आणि दोघांवर काम एकच येतं, आपल्यातला खबरी शोधून काढा.

'इन्फर्नल अफेअर्स'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक अॅलन मॅक, त्याला ही कल्पना सुचली 'फेस/ऑफ' वरून, त्याने स्वतःच सांगितलंय. १९९७ च्या त्या हॉलिवूडपटात पोलीस आणि गुन्हेगार ऑपरेशन करून एकमेकांचे चेहरे लावतात, मॅकला वाटलं चेहरा राहू दे, ओळख बदलली तर? आता गंमत बघा, 'फेस/ऑफ'चा दिग्दर्शक जॉन वू मुळात हाँगकाँगचाच, तिथे १९९२ मधे 'हार्ड बॉइल्ड' करून मग अमेरिकेला गेलेला, आणि 'हार्ड बॉइल्ड'मधे टोळीत घुसलेला पोलीस अभिनेता टोनी लेउंगच होता, जो पुढे 'इन्फर्नल अफेअर्स'मधेही तेच करतो. त्याच्याही आधी १९८७ मधे रिंगो लॅमचा 'सिटी ऑन फायर' आला होता, दरोडेखोरांच्या टोळीत घुसलेल्या पोलिसाचा, त्यातलं बरंच काही १९९२ च्या टॅरँटिनोच्या 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'मधे दिसतं आणि तिथून ते आपल्या 'कांटे'पर्यंत आलं, ज्यात आपले महेश मांजरेकर होते. 'कांटे' आणि 'इन्फर्नल अफेअर्स' दोन्ही डिसेंबर २००२ मधेच रिलीज झाले. म्हणजे हॉलिवूडने पूर्वेकडून एक कथा उचलली एवढं सरळ हे प्रकरण नाहीच, ही देवाणघेवाण पंधरा वर्षं आधीपासून चालू होती.

पण हाँगकाँगला हा विषय इतका जवळचा का? तिथे पोलीस आणि टोळ्या यांच्यातली सीमारेषा एकेकाळी खरंच पुसट होती. १९७३ मधे पीटर गॉडबर नावाचा बडा ब्रिटिश पोलीस अधिकारी बेहिशोबी संपत्तीची चौकशी चालू असताना इंग्लंडला पळाला, लोक रस्त्यावर उतरले आणि १९७४ मधे पोलिसांपासून पूर्ण वेगळं असं भ्रष्टाचारविरोधी खातं उभं करावं लागलं. १९७७ मधे तर चिडलेले पोलीस त्या खात्याच्याच ऑफिसात घुसले होते, शेवटी जुन्या बऱ्याच प्रकरणांना माफी द्यावी लागली. त्या शहरातल्या प्रेक्षकाला वर्दीतला माणूस नक्की कोणाचा हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्यात सिनेमाधंदा पार बसला होता, पायरेटेड व्हीसीडी, मंदी, हॉलिवूडची स्पर्धा, सगळं एकदम. अशा वेळी अँड्र्यू लाउ आणि अॅलन मॅक यांनी टोनी लेउंग आणि अँडी लाउ यांना समोरासमोर आणलं आणि अवघ्या १०१ मिनिटांत काम संपवलं. गोळीबार कमी, ताण जास्त. माझा आवडता सीन ऑडिओच्या दुकानातला आहे, दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, स्पीकर ऐकायला म्हणून शेजारी बसतात आणि एक जुनं गाणं शांतपणे ऐकतात, अख्ख्या सिनेमात या दोघांना एवढा निवांतपणा परत कुठेच मिळत नाही.

मग रिमेकचे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे गेले, निर्मितीत ब्रॅड पिटची कंपनी. मोनाहन बॉस्टनचा, त्याने मूळ सिनेमा न बघता पटकथेच्या भाषांतरावरून लिहिलं, आणि माझ्या मते रिमेक जमला तो इथेच, कारण बॉस्टनकडे स्वतःचं असं प्रकरण आधीच होतं. व्हाइटी बल्जर, साउथ बॉस्टनचा आयरिश डॉन, १९७५ पासून एफबीआयचा खबरी, आणि त्याला सांभाळणारा एजंट जॉन कॉनली त्याच वस्तीत वाढलेला. लहानपणी बल्जरने त्याला आइस्क्रीम घेऊन दिलं होतं असं कॉनली सांगायचा. आता सिनेमाची सुरुवात आठवा, जॅक निकल्सन दुकानात एका पोराला ब्रेड, दूध, कॉमिक्स घेऊन देतो आणि तोच पोरगा पुढे पोलिसात जातो. अटक होणार ही खबर कॉनलीनेच पोचवली आणि १९९४ च्या शेवटी बल्जर गायब झाला, कॉनली २००२ मधे दोषी ठरला. २००६ मधे सिनेमा लागला तेव्हा बल्जर अजून फरार होता, सापडला २०११ मधे, कॅलिफोर्नियात. निकल्सनचा डॉन पण एफबीआयचा खबरी निघतो, हे मूळ सिनेमात नाहीये, हे थेट बल्जरवरून घेतलंय.

रिमेक १५१ मिनिटांचा आहे, शिवीगाळ आणि रक्त भरपूर, मूळच्या दोन बायकांच्या भूमिकांची मिळून एकच मानसोपचारतज्ज्ञ केली, ते मला फारसं पटलं नाही. त्याहून मोठा फरक पोलिसातल्या खबऱ्याचा. अँडी लाउला खरंच चांगला पोलीस व्हायचं असतं, त्यासाठी तो टोळीतल्या स्वतःच्या बॉसलाही मारतो, मॅट डेमनचा माणूस मात्र स्वतःला वाचवण्यापलीकडे जात नाही. म्हणून शेवटही वेगळे झाले. हाँगकाँगच्या सिनेमाची सुरुवातच बौद्ध सूत्रातल्या अवीची नरकाच्या उल्लेखाने होते, जिथे यातना थांबतच नाहीत, त्यामुळे तिथे खबरी जिवंत राहतो, मान-सन्मानासकट, आणि तीच त्याची शिक्षा. बॉस्टनमधे पोलीस झालेला मार्क वॉलबर्ग घरात शिरून त्याला गोळी घालतो. चीनसाठी तर हाँगकाँगच्या सिनेमाचा तिसराच शेवट शूट केला होता, त्यात त्याला सरळ अटक होते, कारण गुन्हेगार सुटलेला दाखवणं तिथे चालत नाही.

जिवंत राहिलेल्या त्या माणसाचं पुढे काय झालं ते २००३ च्या तिसऱ्या भागात आहे. दुसरा भागही त्याच वर्षीचा, पण काळ आधीचा, १९९१ पासून १९९७ मधे हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं त्या सत्तांतराच्या रात्रीपर्यंत. बघायचे असतील तर रिलीजच्या क्रमानेच बघा, दुसरा आधी बघितला तर पहिल्यातलं बरंच आधीच कळून जातं.