इंजिन अ‍ॅक्सलच्या अलीकडे की पलीकडे?

लोटस एलिसचं साधारण 38 टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं आणि 62 टक्के मागच्या चाकांवर. पोर्शे 911चे आकडेही जवळपास हेच. तरीही एलिस मिड-इंजिन आहे आणि 911 रिअर-इंजिन, आणि वळणात दोघींचा स्वभाव चांगलाच वेगळा. त्यामुळे माहितीपत्रकातली ‘वजनाची विभागणी’ ही ओळ वाचून या दोन प्रकारांतून निवड करू नये. ती ओळ कुठल्या चाकांवर किती भार आहे एवढंच सांगते. तो भार गाडीच्या मध्यापासून किती लांब आहे हे तिच्यातून कळत नाही, आणि फरक पडतो तो तिथेच.

दोन्ही प्रकारांत इंजिन चालकाच्या पाठीमागेच असतं. सीट आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांना जोडणारा आस) यांच्या मधे असेल तर मिड, अ‍ॅक्सल ओलांडून पलीकडे गेलं असेल तर रिअर. लांब काठीच्या टोकाला वीट बांधून ती आडवी फिरवून बघा, मग तीच वीट मुठीजवळ बांधून फिरवा. वीट तीच, पण टोकाला असताना काठी फिरवायला जोर लागतो आणि फिरायला लागली की थांबवायलाही तेवढाच लागतो. हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. समजा, इंजिन 200 किलोचं आहे. रिअर गाडीत ते गुरुत्वमध्यापासून 1.25 मीटरवर आलं, तर 200 गुणिले 1.25चा वर्ग म्हणजे सुमारे 312. मिड गाडीत ते 0.6 मीटरवर आलं, तर फक्त 72. म्हणजे एकट्या इंजिनाचा वाटा चौपटीहून जास्त. अर्थात पूर्ण गाडीत फरक एवढा उरत नाही. 911 मध्ये गिअरबॉक्स अ‍ॅक्सलच्या पुढे येतो, तर इंजिन लांबीत बसवलेल्या मिड गाड्यांत तो मागे जातो, त्यामुळे थोडी भरपाई होते. पण थोडीच.

हे स्टीअरिंगवर कसं जाणवतं? मिड गाडी वळवली की लगेच वळते. रिअर गाडीचं नाक हलकं असतं. वळणात शिरताना गॅस दाबलेला असेल, तर पुढचे टायर घसरत सरळ जाऊ पाहतात. म्हणून अशा गाडीत ब्रेक एकदम न सोडता वळण सुरू होताना हळूहळू सोडायचा. ब्रेकमुळे भार पुढे येतो आणि पुढच्या टायरना पकड मिळते.

खरी परीक्षा पुढे आहे. वळण मध्यावर आलं, वेग जास्त वाटला आणि चालकाने घाबरून गॅसवरून पाय काढला, तर काय होतं? इंजिन मागच्या चाकांना रोखायला लागतं. त्याच क्षणी भार पुढे सरकतो आणि मागचे टायर हलके होतात. पुढच्या टायरना अचानक जास्त पकड मिळते आणि नाक आत ओढलं जातं. मागच्या टायरना मात्र गाडीचं 60 टक्के वस्तुमान वळणात धरून ठेवायचं असतं, तेही कमी पकडीत. मागची बाजू बाहेर सुटते. जुन्या 911 मध्ये मागच्या सस्पेन्शनची रचनाही यात भर घालायची. भार कमी झाला की वळणाच्या बाहेरचं मागचं चाक किंचित बाहेरच्या दिशेला तोंड करायचं आणि घसरणं आणखी वाढायचं. रिअर गाडीत हा झोका सुरू व्हायला वेळ लागतो, पण सुरू झाल्यावर तो आवरणं अवघड असतं. चालकाने उलट स्टीअरिंग दिलं आणि ते वेळेत सरळ केलं नाही, तर गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. अनेकदा त्या दुसऱ्या झोक्यातच गाडी हातची जाते.

मिड गाडी फिरत नाही असा एक समज आहे, तो खोटा आहे. ती सुटते उशिरा, पण सुटली की झटकन फिरते, कारण तिला रोखणारं जडत्वच कमी असतं. सुरुवातीच्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा एमआर-2 याच गुणाने बदनाम झाल्या. 1993च्या मॉडेलला कंपनीने मागचं सस्पेन्शन बदललं आणि 14 इंचांऐवजी 15 इंची चाकं दिली. दोन्ही प्रकारांत नियम एकच आहे: ब्रेकचं मुख्य काम वळणाआधी, सरळ रस्त्यावर उरकायचं आणि वळणात पाय झटक्याने उचलायचा नाही.

मग रिअर-इंजिनचा आग्रह का धरावा? उत्तर ब्रेक आणि पिकअपमध्ये आहे. 1500 किलोची गाडी, 2.45 मीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर असं धरा. 1 जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका) जोरदार ब्रेक मारला की सुमारे 306 किलोंचा भार मागून पुढे जातो. मुळात 39-61 असलेली रिअर गाडी ब्रेकखाली 59-41 होते. 44-56ची मिड गाडी 64-36 होते, आणि पुढे इंजिन असलेली 55-45ची गाडी थेट 75-25. म्हणजे रिअर गाडीत मागचे दोन टायर ब्रेक मारतानाही भरपूर काम करतात, मिड गाडीत त्याहून थोडं कमी आणि पुढे इंजिन असलेल्या गाडीत बरंच कमी. वेग घेताना भार मागे जातो आणि चालना देणारी चाकं आणखी दाबली जातात. ओल्या रस्त्यावर जागेवरून सुटताना रिअर गाडी चाकं न घसरवता निघते ती यामुळेच. ओल्या रस्त्याची दुसरी बाजूही आहे. साचलेल्या पाण्यात हलकं नाक लवकर तरंगतं, आणि तिथे इंजिनच्या जागेचा काही उपयोग नसतो.

पोर्शेने या रचनेशी किती झुंज दिली ते बघण्यासारखं आहे. 911 पहिल्यांदा 1963 मध्ये फ्रँकफर्टला दिसली तेव्हा तिचा व्हीलबेस 2211 मिलिमीटर होता. पुढची बाजू जड करण्यासाठी सुरुवातीच्या काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये प्रत्येक बाजूला 11 किलोंची वजनं बसवली गेली. 1969च्या मॉडेलला मागची चाकं 57 मिलिमीटर मागे नेली, इंजिन होतं तिथेच ठेवलं. त्याच वेळी एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत गेल्या. 993 पिढीत मागे मल्टी-लिंक सस्पेन्शन आलं आणि पाय उचलला की चाकाचं तोंड बाहेर वळण्याची खोड मोडली. 2011च्या 991 पिढीत व्हीलबेस 100 मिलिमीटरने वाढून 2450 झाला. आजची 911 तिच्या दंतकथांपेक्षा कितीतरी शहाणी आहे, आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल चूक झाल्यावर एकेका चाकाला ब्रेक लावून सावरतं. गंमत म्हणजे 2017च्या शर्यतींसाठी 911 आरएसआर बनवताना पोर्शेनेच इंजिन अ‍ॅक्सलच्या पुढे आणलं, कारण गाडीखाली मोठ्या डिफ्युझरला (खालून जाणाऱ्या हवेच्या मदतीने गाडी रस्त्याला दाबून धरणाऱ्या भागाला) जागा हवी होती. शर्यतीत मिड रचनेचा फायदा 1959 पासूनच जगजाहीर आहे. त्या वर्षी जॅक ब्रॅबहम मिड-इंजिन कूपरमधून फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला.

घर आणि रस्ता यांचा हिशेब मात्र शर्यतीपेक्षा वेगळा. रिअर-इंजिनमुळे पुढच्या सीटच्या मागे जागा मोकळी राहते आणि 911 मध्ये मुलं बसतील अशा दोन छोट्या सीट मावतात. मिड गाडीत ती जागा इंजिनने खाल्लेली असते. दोनच सीट, कानामागे आवाज आणि पाठीला थोडी ऊब. त्या बदल्यात पोर्शे केमनसारख्या मिड गाडीत पुढे आणि मागे अशा दोन डिक्या मिळतात.

दुरुस्तीतही फरक आहे. केमनमध्ये इंजिन वरून दिसतच नाही, आणि पुढचा बेल्ट बदलायला सीटमागचं पॅनेल उघडावं लागतं. क्लच बदलायचा तर दोन्हींत गिअरबॉक्स उतरवणं आलंच. म्हणून जुन्या गाडीत तो उतरवला असताना त्यामागचं कामही उरकून घ्यावं. 1997 ते 2008 मधल्या, पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक 911, बॉक्सस्टर आणि केमनमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं (इंजिनाच्या आत व्हॉल्व्हच्या यंत्रणेकडे गती नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग तिथेच असतं, आणि ते निकामी झालं तर अख्खं इंजिन जातं. 2009च्या मॉडेलपासून नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. या गाड्यांचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात. तिथे पालापाचोळा अडकून ओल धरते आणि रेडिएटर गंजतात. खरेदीआधी जाळीतून टॉर्च मारून बघा.

निवड कशी करावी? गाडी ट्रॅकवर न्यायची आणि हात शिकवायचा असेल तर मिड घ्यावी. ती चालकाची प्रत्येक हालचाल लगेच दाखवते. रोज चालवायची, पावसातही, कधी मुलांना घेऊन, तर आधुनिक रिअर-इंजिन सरस ठरते. 1990च्या आधीची कुठलीही रिअर-इंजिन गाडी पहिली स्पोर्ट्स कार म्हणून घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

आणि काहीही घेतलं तरी टायरकडे दुर्लक्ष नको. रिअर-इंजिन गाडी सरळ ठेवण्यात पुढच्या-मागच्या टायरमधल्या फरकाचा वाटा मोठा असतो. 1960च्या शेवरोले कॉर्वेअरला पुढे 15 पीएसआय आणि मागे 26 पीएसआय हवा सांगितलेली होती. चारही टायरमध्ये सारखीच हवा भरली की तिची मागची बाजू सुटायला तयार. 992 पिढीच्या 911 कॅरेरात पुढे 235 मिलिमीटर आणि मागे 295 मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. वापरलेली गाडी बघताना मागच्या टायरच्या आतल्या कडेला हात फिरवा. चाकं वरून आत झुकलेली असल्याने ती कड आधी झिजते आणि उभ्याने दिसत नाही. डाव्या-उजव्यांपैकी एकाच टायरची कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा गाडी कुठेतरी आदळली आहे. चारही चाकांना एकाच रुंदीचे टायर चढवलेले दिसले, तर मूळ मापाचे टायर बसवून गाडी पुन्हा चालवून बघितल्याशिवाय सौदा पक्का करू नका.