हिपॅटायटिस बीची बी

नाशिकमधल्या कुठल्याही शिबिरात रक्तदान करा, पिशवी रक्तपेढीत पोचली की हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराच्या विषाणूसाठी तिची 'एचबीएसएजी' चाचणी होणारच. त्यातला 'एस' म्हणजे सरफेस, पृष्ठभाग; 'एजी' म्हणजे अँटिजेन, शरीर परका म्हणून ओळखतं तो पदार्थ. ही चाचणी शोधते ती विषाणूची साल, म्हणजे बाहेरचं आवरण. आतली बी, म्हणजे गाभा, तिला दिसतच नाही.

द्राक्षांच्या गावात हे समजावणं सोपं जातं. बाधित माणसाच्या रक्तात पूर्ण विषाणूंच्या कितीतरी पट रिकामी आवरणं फिरत असतात, जेमतेम २२ नॅनोमीटर जाडीची. आत बी नाही. थेट आपली बिनबियांची थॉम्पसन द्राक्षं! अमेरिकी शास्त्रज्ञ बारूच ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलेलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' ते हेच. बी असलेलं द्राक्ष दिसायला मात्र १९७० उजाडलं. लंडनमध्ये डेव्हिड डेन यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ४२ नॅनोमीटरचे दुपदरी कण दिसले.

पुढच्याच वर्षी विषाणुशास्त्रज्ञ जून अल्मेडा आणि सहकाऱ्यांनी ती साल सोलली. (मानवी कोरोनाविषाणूची पहिली चित्रं टिपणाऱ्या त्या याच.) हत्यार साधंच: डिटर्जंट. आवरणात स्निग्ध पदार्थ असतो, तो डिटर्जंटमध्ये सुटतो. गाभा निव्वळ प्रथिनाचा, तो शाबूत राहतो. उरला सुमारे २७ नॅनोमीटरचा कण.

हा गाभा रसायनाच्या अंगाने फार देखणा आहे. एकाच प्रथिनाच्या जोड्या जुळतात, अशा १२० किंवा ९० जोड्यांचं कवच आपोआप रचलं जातं. नुसता जनुक ई. कोलाय जिवाणूत घातला तरी कवचं तयार होतात. प्रथिनाच्या शेपटाकडे आर्जिनिन या अमिनो आम्लाची गर्दी, म्हणून धनभार. ऋणभारित न्यूक्लिक आम्ल (डीएनए, आरएनए) तिथे धरलं जातं. सीझियम क्लोराइड या क्षाराच्या जड द्रावणात सेंट्रिफ्यूज केलं, म्हणजे वेगाने गरगर फिरवलं, की डीएनए भरलेले गाभे खाली जातात, रिकामे वर थांबतात. एसडीएस हा जास्त तीव्र डिटर्जंट आणि प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणारं मरकॅप्टोइथेनॉल घालून गाभा मोडला, तर त्यातूनच 'ई' अँटिजेनचे, म्हणजे याच विषाणूच्या रक्तात सापडणाऱ्या आणखी एका अँटिजेनचे, गुण प्रकट होतात. १९९७मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने प्रथिनाची घडीही उलगडली: प्रत्येक जोडीचा एक काटा बाहेर आलेला, धोतऱ्याच्या फळासारखा.

रक्तात हा गाभा उघडा फिरत नाही. तरी शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि 'अँटी-एचबीसी' ('सी' म्हणजे कोअर, गाभा) चाचणी तीच पकडते. आपली लस नुसत्या सालीची. त्यामुळे लस घेतलेल्याच्या रिपोर्टात सालीविरुद्धची प्रतिपिंडं दिसतात. बीविरुद्धचीही दिसली, तर त्या माणसाची खऱ्या विषाणूशी कधीतरी गाठ पडलेली असते.