स्लीप अ‍ॅप्निया : शस्त्रक्रियेनंतरचे उपचार

झोपेत घशातील श्वासमार्ग पुनःपुन्हा मिटून श्वास अडण्याच्या विकाराला अडथळाजन्य स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर विकार किती उरला हे पाहून सीपॅप यंत्र (मास्कमधून सतत दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे), दुसरी शस्त्रक्रिया, जबडा पुढे धरणारे दंतसाधन की नुसती देखरेख, हे ठरवावे लागते. प्रौढांमध्ये शस्त्रक्रियेने विकार बऱ्याचदा कमी होतो, पण पूर्ण जातोच असे नाही. म्हणून हा टप्पा उपचाराचाच भाग धरायला हवा.

सर्वांत मोठी फसगत घोरण्यामुळे होते. शल्यविशारद शिरो फुजिता आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत पडजीभ, मऊ टाळूची कड आणि टॉन्सिल काढतात. घोरण्याचा आवाज मुख्यतः याच भागांच्या थरथरण्यातून येत असल्याने तो थांबतो किंवा मंदावतो. जिभेचा मागचा भाग मात्र पूर्वीसारखाच घशात पडून वाट अडवू शकतो. आवाजच नसल्यामुळे शेजारी झोपणाऱ्याला काही कळत नाही आणि रुग्ण स्वतःला बरा समजतो. त्यामुळे बरे वाटत असले तरी झोपेची चाचणी पुन्हा करणे आवश्यक असते. सूज उतरून जखम भरल्यावर, साधारण ३ ते ६ महिन्यांनी ती करतात. तोवर सीपॅप चालू ठेवायचे का, हे शल्यविशारदाला विचारावे. दिवसा डुलक्या येत असतील तर वाहन चालवू नये.

चाचणीतील प्रमुख आकडा म्हणजे एएचआय : झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला याची सरासरी. प्रौढांत ५ पेक्षा कमी सामान्य, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. शस्त्रक्रियेच्या अहवालांत मात्र एएचआय निम्म्यावर आणि २० च्या खाली आला की ‘यश’ मोजण्याची पद्धत रूढ आहे. या हिशेबाने ६० वरून १८ वर आलेला रुग्ण यशस्वी ठरतो, पण त्याचा विकार अजून मध्यम प्रतीचा असतो. ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ एवढ्यावर समाधान न मानता रुग्णाने आकडा विचारावा, आणि त्याबरोबर रक्तातील ऑक्सिजन किती उतरला व उताणे झोपल्यावर काय झाले हेही. चाचणीची रात्र कुशीवर गेली असेल तर निकाल खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो.

एएचआय १५ च्या वर राहिला तर लक्षणे नसतानाही सहसा उपचार सुचवतात. ५ ते १५ मध्ये दिवसाची झोपाळूपणाची तक्रार, रक्तदाब आणि हृदयविकार पाहून निर्णय होतो. आकडा सामान्य असूनही झोप आवरत नसेल, तर अपुरी झोप, थायरॉइड, नैराश्य किंवा चालू औषधे यांकडे वळावे.

सीपॅपकडे परतणे म्हणजे हार नव्हे. नाकाच्या शस्त्रक्रियेने एएचआय क्वचितच फारसा घटतो, पण मोकळ्या नाकामुळे यंत्र सोसवते आणि कमी दाब पुरू शकतो. दाब नव्याने ठरवावा लागतो. टाळू जास्त कापला गेला असल्यास हवा तोंडावाटे निसटते, तेव्हा नाक-तोंड झाकणारा मास्क लागतो. सीपॅप मुळीच सोसत नसेल तर औषधाने झोपवून दुर्बिणीने अडथळ्याची जागा शोधतात. त्यावरून जिभेच्या मुळाची शस्त्रक्रिया, दोन्ही जबडे पुढे आणणे किंवा जिभेच्या चेतातंतूला उत्तेजन देणारे रोपण (अमेरिकेत २०१४ पासून मान्य) यांचा विचार होतो. स्थूल प्रौढांतील मध्यम ते तीव्र विकारासाठी टिर्झेपाटाइड हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झाले.

लहान मुलांत टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) काढल्यावर बहुतेकांना चांगला गुण येतो; स्थूल किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत विकार उरण्याची शक्यता जास्त, त्यांची फेरतपासणी टाळू नये. प्रौढांत वजन आणि वय वाढल्यावर विकार काही वर्षांनी परतू शकतो. अशा वेळी जुना चांगला अहवाल ग्राह्य न धरता चाचणी पुन्हा करतात.