नायट्रो आरसी इंजिनाचे पूर्वतापन आणि ब्रेक-इन

रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल मोटारींतील नवे नायट्रो इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी बाहेरून तापवणे याला पूर्वतापन म्हणतात. त्यानंतर पहिल्या काही टाक्या इंधनावर ते ठरावीक तापमानात, जास्त ताण न देता चालवतात, हा ब्रेक-इन. स्कूटरचे जुने ‘रनिंग-इन’ ठाऊक असलेल्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. पण तिथे वेग आवरण्यावर भर असे, इथे तो उष्णतेवर असतो. नायट्रो इंजिन वेगाने जितके बिघडते त्याहून लवकर ते थंड चालवल्याने बिघडते.

एक-अष्टमांश मापाच्या ऑफ-रोड बग्गीत साधारण ३.५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असते. पिस्टनचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर, आणि पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ३०,००० हून अधिक फेरे. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण. वंगणाची वेगळी सोय नसल्याने आतल्या भागांना जे तेल मिळते ते इंधनातूनच. ठिणगीचा प्लगही नसतो. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या इग्नायटरने लाल करतात. एकदा इंजिन धरले की ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलवर होणारी प्लॅटिनमची उत्प्रेरक क्रिया यांमुळे ती तार आपोआप तापलेली राहते.

या इंजिनांत बहुधा पिस्टनला रिंग नसते. पिस्टन जास्त सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा आणि स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, पितळेची, आतून क्रोमचा मुलामा दिलेली. या रचनेला एबीसी (ॲल्युमिनियम, ब्रास, क्रोम) म्हणतात. मुलामा निकेलचा असेल तर एबीएन. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती घासलेली असते. त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन वर पोचला की आवळला जातो, हाच ‘पिंच’. नव्या इंजिनाचे फ्लायव्हील बोटांनी फिरवले तर वरच्या बिंदूवर ते अडते, कधी किच असा आवाजही करते. हा दोष नव्हे. चालू इंजिनात स्लीव्हचा वरचा भाग सर्वांत जास्त तापतो आणि पितळ त्या ॲल्युमिनियमपेक्षा थोडे जास्त प्रसरण पावते. म्हणून पूर्ण तापल्यावरच भोक जवळपास सरळ होते आणि पिस्टन हव्या तेवढ्या अंतराने आत खेळतो. लोणच्याच्या बरणीचे पत्र्याचे झाकण गरम पाण्याखाली सैल होते, त्यातलाच हा प्रकार.

असे इंजिन थंडच सुरू केले तर प्रत्येक फेरीत पिस्टन त्या आवळलेल्या जागेत घुसवला आणि ओढून काढला जातो. पिस्टनच्या वरच्या कडेची धार घासते ती घासतेच, पण खरा मार बसतो पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला. रॉडच्या खालच्या टोकाचे बुश लंबगोल होते, क्रँकपिनवर ओरखडे येतात, आणि पुढे कधीतरी भर शर्यतीत रॉड तुटतो तेव्हा मालक दोष इंधनाला देतो.

पूर्वतापनासाठी हीट गन किंवा जोरदार हेअर ड्रायर वापरतात. इंजिनाभोवती गुंडाळायचे विजेचे हीटरही मिळतात. हेडचे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या पात्यांच्या झाकणाचे, तापमान साधारण ९० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. मात्र नुसते हेड तापवून भागत नाही, उष्णता स्लीव्हच्या तळापर्यंत आणि क्रँककेसपर्यंत मुरावी लागते, म्हणून घाई न करता काही मिनिटे द्यावीत. हे काम टाकीत इंधन भरण्याआधीच करायचे. मिथेनॉलच्या वाफा पटकन पेट घेतात आणि त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही.

गरम इंजिन स्टार्टर बॉक्सवर ठेवून फिरवतात. चेसिसच्या खालच्या खाचेतून त्याचे रबरी चाक फ्लायव्हीलला टेकते. तरीही अडत असेल तर ग्लो प्लग अर्धा आटा सैल करून सुरू करायचे आणि इंजिनाने पकडले की लगेच घट्ट करायचे. दोरी ओढून सुरू होणाऱ्या इंजिनात पिंचशी झटापट केली तर दोरी तुटते. आत इंधन साचून फ्लायव्हील अजिबात हलत नसेल तर जोर न लावता प्लग काढून इंधन बाहेर उडवून द्यावे.

पुढच्या भागाबद्दल शौकिनांत एकमत नाही. जुनी पद्धत अशी: गाडी स्टँडवर ठेवायची, मिश्रण अतिशय रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) करायचे आणि दोन-चार टाक्या थ्रॉटल न देता नुसत्या आयडलवर जाळायच्या. जुन्या मॉडेल विमानांतल्या लोखंडी पिस्टन व पोलादी सिलिंडरच्या इंजिनांना ती मानवत असे. एबीसी इंजिनाला ती अपायकारक आहे, कारण जादा इंधनाने इंजिन गार राहते, गार राहिले की पिंच सुटत नाही, आणि तासभर नेमकी टाळायची तीच झीज चालू राहते. तरी काही माहितीपुस्तिकांत हा सल्ला अजून सापडतो. ट्रॅक्सास या आरसी मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या ३.३ इंजिनाची पुस्तिका मात्र पहिल्या टाकीपासून गाडी जमिनीवर, थ्रॉटल आवरून चालवायला सांगते आणि पाच टाक्यांत काम संपवते.

आज अधिक मान्य असलेली पद्धत तापवणे-निववणे या आवर्तनांची आहे. मिश्रण थोडेसेच रिच ठेवतात: एक्झॉस्टमधून निळसर धूर दिसला पाहिजे, पण इंजिन गुरगुरत दोन फेऱ्यांत एकदाच पेटता कामा नये. हेडचे तापमान ९५ ते १०५ अंशांच्या आसपास असावे. ते इन्फ्रारेड थर्मामीटरने ग्लो प्लगपाशी मोजतात. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाकून तो चुरचुरत किती लवकर उडतो ते पाहतात. तापमान चढत नसेल तर मिश्रण लीन (इंधन कमी) करण्याआधी हेडच्या पात्यांभोवती ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळावी. गाडी मोकळ्या जागेत आठाच्या आकारात फिरवायची, थ्रॉटल सतत कमी-जास्त करत. पूर्ण थ्रॉटल दोन-तीन सेकंदांहून अधिक नाही.

काही मिनिटांनी इंजिन बंद करून पूर्ण निवू देतात. इंधनाची नळी चिमटून बंद केले तर शेवटच्या क्षणी मिश्रण लीन होऊन इंजिन तापते, त्यापेक्षा एक्झॉस्टचे तोंड झाकणे बरे. बंद होताच पिस्टन खालच्या बिंदूवर आणून ठेवायचा. तो वर राहिला तर आकसणारी स्लीव्ह त्याच्याभोवती आवळते आणि पिंच वाया जातो. यासाठी फ्लायव्हीलवर मार्करने आधीच खूण केलेली असते.

अशा पाच-सात टाक्यांनंतर फ्लायव्हील हाताने फिरवताना अडथळा कमी झालेला जाणवतो, पण थंड इंजिनात तो थोडा उरलाच पाहिजे. तो पूर्ण गेला असेल तर कॉम्प्रेशनही गेले. ब्रेक-इनचा प्लग काढून पाहिला तर तार राखाडी, बारीक धातुकणांनी माखलेली दिसते. तो टाकून नवा प्लग लावतात आणि मगच कार्ब्युरेटरची हाय-स्पीड नीडल, म्हणजे जास्त वेगातले इंधन ठरवणारा स्क्रू, हळूहळू आवळत जातात.

ब्रेक-इन झाल्यावरही थंडीत किंवा शर्यतीआधी पूर्वतापन करतात. काही जण प्रत्येक वेळी करतात. दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करून उरलेले इंधन जाळून टाकावे आणि कार्ब्युरेटरमधून व प्लगच्या भोकातून आफ्टर-रन तेलाचे, म्हणजे गंज रोखण्यासाठी वापरानंतर घालायच्या तेलाचे, थेंब सोडावेत. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत तेल न घालता ठेवलेल्या इंजिनाच्या बेअरिंगला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.