पुण्याचे पार्किंग धोरण आणि पेठांमधला विरोध

मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या मुख्य सभेपुढे पार्किंग धोरण आले आणि शहरभर गदारोळ उठला. गर्दीप्रमाणे रस्त्यांचे विभाग पाडायचे आणि गाडी उभी करण्याचे ताशी पैसे घ्यायचे, असा प्रशासनाचा प्रस्ताव होता. रात्री घरासमोरच्या रस्त्यावर गाडी लावायलाही पैसे मोजावे लागणार, हे कळल्यावर मध्यमवर्गीय वस्त्यांमध्ये राग अधिकच वाढला. विरोधी पक्ष आंदोलनात उतरले. दर बरेच खाली आणले गेले आणि शेवटी फक्त पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर धोरण राबवायचे ठरले. ते पाच रस्ते कोणते, यावरच घोडे अडले.

हा विरोध फुकटेपणाचा होता, असे म्हणणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते.

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांची आखणी मोटारी येण्याच्या कितीतरी आधीची. वाड्याला चौक असे, विहीर असे; गाडीसाठी जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे वाडे पाडून तीन-चार मजली इमारती झाल्या. तळमजल्यावर दुकाने आली, वर बिऱ्हाडे वाढली आणि गल्लीची रुंदी मात्र तेवढीच राहिली. पुणे तेव्हा सायकलींचे शहर होते, म्हणून हे निभावले. मग आकुर्डीच्या बजाजची स्कूटर आली, १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली आणि सायकलींची जागा हळूहळू दुचाकींनी घेतली. कॉलेजची मुलगी, बँकेतला कारकून, दूधवाला अशा सगळ्यांना ही गाडी परवडली. बस वेळेवर येईल याची खात्री नसलेल्या शहरात ती चैन नव्हती.

गाड्या वाढल्यावर वाहतूक पोलिसांनी अरुंद रस्त्यांवर पी-१, पी-२ चे फलक लावले: सम तारखेला एका बाजूला गाडी लावायची, विषम तारखेला दुसऱ्या. त्यामुळे अर्धा रस्ता मोकळा राहिला, गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या. तारीख बदलली हे सकाळी विसरणाऱ्याची दुचाकी टोइंगवाले उचलून नेऊ लागले. लोकांच्या लेखी पार्किंगचा नियम म्हणजे दंड, ही समजूत तिथून पक्की झाली.

सार्वजनिक वाहतुकीची कथा याच्याच शेजारी चालू होती. २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी रस्त्यात राखीव मार्गिका, सुरू झाली, पण ती धड रुजली नाही. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली, तरी बसची वाट पाहणे संपले नाही. मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये धावला. म्हणजे २०१८ मध्ये शुल्क मागताना महापालिकेच्या हाती लोकांना देण्याजोगा भरवशाचा दुसरा पर्याय नव्हता. त्या सुमारास वाहनांची नोंदणी ३६ लाखांच्या पुढे गेल्याचे आकडे आले आणि माणसांपेक्षा गाड्या जास्त, अशी चर्चा झाली. नोंदणीत जुन्या, भंगारात गेलेल्या गाड्याही धरल्या जातात, हे त्या चर्चेत फारसे कुणी बोलले नाही. पण रस्त्यावरची दाटी कुणालाच नाकारता येत नव्हती.

धोरणाची बाजू घेणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र विरोधकांनी कधीच नीट ऐकले नाही. रस्ता सगळ्यांच्या पैशांतून होतो आणि त्याचा मोठा भाग उभ्या गाड्यांना फुकट जातो. ज्याच्याकडे गाडी नाही, त्या पादचाऱ्याला फुटपाथ मिळत नाही. लक्ष्मी रस्त्यावर पिशव्या घेऊन गाड्यांमधून वाट काढणाऱ्या म्हाताऱ्या बाईची बाजू मांडायला ना मोर्चा निघाला, ना सभा भरली.

मुंबईत जुलै २०१९ मध्ये पालिकेने उलट्या टोकाने सुरुवात केली: सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा पार्किंगला किमान ५,००० रुपये दंड. तिथेही रहिवाशांचा आक्षेप ओळखीचाच होता. जुन्या इमारतींना स्वतःची जागा नाही, मग गाडी न्यायची कुठे?

पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतरची काही वर्षे निवडक रस्त्यांवर पे अँड पार्क करण्याचा विषय निघाला की प्रभागातून सभागृहात जाऊन हरकत घेणारा लोकप्रतिनिधीच नव्हता. २०१८ चे दर ज्या दबावाने खाली आले, तो दबाव पोहोचवायची वाटच बंद होती.