२३४ नंबर म्हणजे विष नव्हे

गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या आपल्या कोल्हापूरकरांना पाकिटातल्या पनीर-चीजवर तसाही भरवसा कमीच, त्यात तो जुना फॉरवर्ड दर दोन-चार महिन्यांनी फिरतोच, की पाकिटावर २३४ नंबर दिसला तर ते कारखान्यातलं केमिकल आहे, मुलांना देऊ नका. हे चुकीचं आहे भावांनो.

२३४ म्हणजे नायसिन, पदार्थ टिकावा म्हणून घालतात ते. ते बनवतात लॅक्टोकॉकस लॅक्टिस नावाचे बॅक्टेरिया, ज्यांच्या जातभाईंवर चीज अन् ताकाचं विरजण चालतं. दूध किंवा साखरेच्या द्रावणात ते वाढवायचे, आंबू द्यायचं, मग त्यांनी सोडलेलं नायसिन वेगळं काढून सुकवायचं. बाजारातल्या पावडरीत नायसिन साधारण अडीच टक्केच असतं, बाकी बहुतेक मीठ आणि दुधाचा अंश (दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर एवढं मात्र बघा). नको ते बॅक्टेरिया रोखायचा त्याचा गुण १९२८ पासून माहीत आहे आणि १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने त्याला मान्यता दिली.

ते ३४ अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन आहे, नको त्या बॅक्टेरियाच्या आवरणाला भोकं पाडतं, आणि आपल्या पोटात गेलं की इतर प्रोटीनसारखंच पचून जातं.

पण बुरशी आणि यीस्टवर ते चालत नाही, ई कोलायसारख्या जंतूंवर एकटं फारसं नाही, म्हणून नायसिन घातलेलं पनीरसुद्धा फ्रीजमध्येच ठेवा आणि तारीख बघूनच घ्या.