पूरग्रस्त आणि दरडग्रस्त: पाऊस एक, आपत्ती दोन

२२ जुलै २०२१ ला महाड शहरात सावित्री नदीचं पाणी शिरलं. त्याच दिवशी, त्याच तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. तळियेला मदत लगेच पोचली नाही, कारण वाटेवर महाडचा पूर होता. बातम्यांत मात्र 'पूर आणि दरडी' असा एकच जोडशब्द होऊन बसला. सरकारी कागदावर दोघंही आपद्ग्रस्त. पण कोल्हापूरच्या पूरग्रस्ताला जे लागतं ते दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीच्या माणसाला लागत नाही.

पुराला मोजपट्टी आहे. कोल्हापुरात जुलै उजाडला की राजाराम बंधाऱ्याचं पाणी किती फूट, हा घरोघरचा विषय असतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. आकडा चढायला लागला की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं दाव्यातून सोडून उंचावर न्यायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तो हिशेबही कोलमडला. आणि कोकणातला पूर देशावरच्या पुराइतका सवड देणारा नाही. चिपळूण बशीसारखं वसलेलं, डोंगर उशाला, खाडी पायथ्याला. वाशिष्ठी नदी भरून यायला आणि भरतीची वेळ जुळायला गाठ पडली की काही तासांत बाजारपेठ पाण्याखाली. तरीही नदी दिसते, पाणी दिसतं, पायरी पायरीनं चढताना दिसतं.

दरडीला असा आकडा नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर झिजलेल्या दगडमातीचा थर असतो. संततधार पावसात तो पाणी पिऊन जड होतो, आतल्या पाण्याच्या दाबानं मातीची पकड सुटते आणि उतारच्या उतार खाली येतो. उताराला भेगा, कललेले खांब, भिंतीला नवे तडे, झऱ्याला एकाएकी आलेलं गढूळ पाणी ही लक्षणं असतात, पण ती रात्री अंधारात धो धो पावसात कोण बघणार? इर्शाळवाडीवर दरड आली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. दरडप्रवण गावांच्या यादीत ठाकर आदिवासींची ही वाडी नव्हतीच.

इथे 'दरड' या शब्दाचा घोळही सांगायला हवा. घाटात चार धोंडे रस्त्यावर आले तरी आपण दरडच म्हणतो. जेसीबी येतो, दुपारपर्यंत एक मार्गिका सुरू होते. तोच शब्द इर्शाळवाडीला वापरला की ऐकणाऱ्याला वाटतं, ढिगारा उपसला की झालं. तिथे उपसायला यंत्रच नेता येत नव्हतं. गाडीरस्ता नाही, निसरडी चढण, त्यामुळे कुदळ-फावडी आणि हात. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवला. त्यांच्या घरच्यांना ना अंत्यविधीला देह मिळाला, ना डोळ्यांनी बघून पटवायला काही.

पूर ओसरल्यावरचं दृश्य वेगळं. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ, दुकानाच्या फळ्यांवर चिकट गाळ, भिजून फुगलेल्या खतावण्या उन्हात पसरलेल्या, फ्रीज रस्त्यावर आडवा आणि कुजक्या धान्याचा वास. नुकसान प्रचंड, पण माणूस आपल्याच उंबऱ्यात उभा राहून खराट्यानं चिखल काढत असतो. त्याला लागतं ते पिण्याचं पाणी, औषधं, रोख पैसे, आणि पंचनामा वेळेत. आपण सढळ हातानं पाठवलेल्या जुन्या कपड्यांची बोचकी त्याच्या फारशी उपयोगाची नसतात, हे दर पुरात दिसतं.

दरडग्रस्ताला उंबरा नसतो. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच, जागेवर नुसते दगड. त्याचा प्रश्न पहिल्या आठवड्याचा कमी आणि पुढच्या कित्येक वर्षांचा जास्त: जागा कुठे, आणि ती शेतापासून, रानापासून किती लांब? पूरग्रस्ताला 'गाव हलवा' म्हटलं तर तो बहुतेकदा नको म्हणतो, कारण गाळाची जमीन आणि बाजार नदीकाठीच असतो. दरडग्रस्ताला नको म्हणायला गावच उरत नाही.

आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. जवळच्या आमडे इथे नवं गाव बांधलं, २०१७ मध्ये घरं ताब्यात दिली. त्याच वर्षी पहिल्या मोठ्या पावसात नव्या गावठाणातही काही ठिकाणी जमीन खचली, आणि लोक पुन्हा डोंगराकडे बघत रात्री काढू लागले.